कर्करोगमुक्तांची सायकलयात्रा : धीर देण्याच्या एका सामाजिक रीतीचा विचार

एखादा मनुष्य दुर्धर रोगाने अंथरुणास खिळला म्हणजे त्याला धीर देण्याकरिता आप्तेष्ट जमतात, वैद्य आश्वासन देतात आणि शेजारीपाजारी विचारपूस करून जातात. ही गोष्ट सर्व समाजांत व सर्व काळी आढळते. परंतु ज्यांना तोच रोग झाला होता व जे त्यातून उठले, अशा माणसांनी एकत्र यावे, रोग्यांच्या डोळ्यांदेखत शेकडो किलोमीटर सायकल चालवावी आणि त्या कृतीनेच त्यांना धीर द्यावा, ही रीत अगदी अलीकडची आहे. गेल्या साडेचार दशकांत ती अमेरिकेत व युरोपात चांगलीच रुजली. वृत्तपत्रांतून तिचे वर्णन बहुधा जमलेल्या देणग्यांच्या आकड्यांनी किंवा सायकलस्वारांच्या पराक्रमाने केले जाते. प्रस्तुत लेखात मात्र एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : या यात्रेपासून रोग्याला नेमके काय मिळते, आणि जे मिळत नाही ते मिळते असे सांगण्यात कोणता धोका आहे?

१. ‘उत्तरजीवी’ या वर्गाचा उदय

अशी यात्रा निघण्यास आधी एक गोष्ट घडून यावी लागते. रोगातून वाचलेल्यांची संख्या यात्रा काढण्याइतकी व्हावी लागते. कर्करोगाच्या बाबतीत, विशेषतः रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शक्य नव्हते. बॉस्टन येथील बालरोगविकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी १९४८ साली सोळा मुलांवरील प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अमिनोप्टेरिन नावाचे औषध दिल्यावर त्यांपैकी दहा मुलांचा रोग काही काळ हटला होता. हे औषध लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झाले होते, व तेथील संशोधनाची धुरा भीमवरम येथे जन्मलेले भारतीय रसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होती. हटलेला रोग पुढे उलटला हे खरे, तथापि औषधाने तो मागे हटू शकतो हे त्या दिवशी प्रथम सिद्ध झाले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात फार्बर यांच्या रुग्णालयातील एका बारा वर्षांच्या मुलाची मुलाखत आकाशवाणीवरून अमेरिकाभर ऐकविण्यात आली. मुलाचे खरे नाव गुप्त राहावे म्हणून त्याला ‘जिमी’ म्हटले होते. श्रोत्यांनी पैशांचा वर्षाव केला आणि ‘जिमी निधी’ उभा राहिला. जिमी पुढे वारला असावा असे बहुतेकांनी गृहीत धरले, कारण त्या काळी तसे गृहीत धरणे हेच स्वाभाविक होते. वस्तुतः आयनार गुस्टाफसन हा तो मुलगा बरा होऊन मेन राज्यातील आपल्या गावी परतला होता. पुढे त्याने मालमोटारी चालविल्या, संसार केला, आणि १९९८ साली, निधीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, तो लोकांसमोर आला. पन्नास वर्षे ज्याच्या नावाने निधी जमत होता तो मनुष्य जिवंत असून समोर उभा आहे, या दृश्याचा लोकांच्या मनावर जो परिणाम झाला, तोच आपल्या विषयाचे बीज होय. आकडे जे सांगू शकत नाहीत ते वाचलेल्या माणसाचे नुसते अस्तित्व सांगते.

अशा माणसांस इंग्रजीत ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात. त्यास ‘उत्तरजीवी’ हा शब्द येथे योजिला आहे. ‘कर्करोगमुक्त’ हा शब्द बोलण्यास सोपा खरा, परंतु तो अर्थाने अपुरा आहे. कर्करोग झालेले अमेरिकन वैद्य फिट्झह्यू मलन यांनी १९८५ साली लिहिलेल्या एका निबंधात रोग्याच्या जीवनाचे तीन ऋतू सांगितले. पहिला निदानाचा व उपचारांचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा, ज्यात रोग उलटण्याचे भय मनात घर करून राहते व शरीर पूर्ववत होत नाही. तिसरा स्थैर्याचा. त्यांचे म्हणणे असे की, वैद्यकाचे सारे बळ पहिल्या ऋतूत खर्च होते, आणि बुडत्याला पाण्याबाहेर काढून काठावर धापा टाकीत एकटेच सोडून द्यावे तशी दुसऱ्या ऋतूतील रोग्याची अवस्था होते. सायकलयात्रेचा संबंध प्रामुख्याने या उपेक्षित दुसऱ्या ऋतूशी आहे.

२. मॅसॅच्युसेट्सची यात्रा

या प्रकारच्या यात्रांपैकी सर्वांत जुन्या व मोठ्या यात्रांत ‘पॅन-मास चॅलेंज’ हिची गणना होते. बिली स्टार या तरुणाची आई १९७४ साली मेलॅनोमा या त्वचेच्या घातक कर्करोगाने वारली. तिच्या स्मरणार्थ १९८० साली त्याने छत्तीस सायकलस्वार जमवून मॅसॅच्युसेट्स राज्य पश्चिमेकडून पूर्वेकडे, केप कॉडच्या टोकावरील प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत ओलांडले. त्या वर्षी १०,२०० डॉलर जमले. ते फार्बर यांच्याच नावाने चालणाऱ्या संस्थेस, म्हणजे आजच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेस, देण्यात आले. पुढे ही यात्रा दरवर्षी ऑगस्टच्या आरंभी भरू लागली. तिचा प्रसिद्ध मार्ग दोन दिवसांत सुमारे ३०० किलोमीटरांचा आहे, व ज्यांस तेवढे झेपत नाही त्यांच्याकरिता लहान मार्गही ठेवलेले आहेत. २०२४ सालापर्यंत या यात्रेने दिलेली एकूण रक्कम १०० कोटी डॉलरांच्या पुढे गेली.

पैशाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. प्रयोगशाळा त्यावरच चालतात. परंतु समाजशास्त्राच्या दृष्टीने अधिक लक्षणीय अशा दोन प्रथा या यात्रेत आहेत. पहिली अशी की, सायकलस्वारांपैकी जे स्वतः कर्करोगातून गेलेले किंवा अद्याप उपचार घेत असलेले असतात, त्यांस ‘जिवंत पुरावा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाते, आणि दरवर्षी ते सर्वजण एकत्र उभे राहून छायाचित्र काढवून घेतात. या समुदायात शिक्षक, परिचारिका, व्यापारी, आजोबा, नातवंडे असे सर्व प्रकारचे लोक असतात. त्यांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे रोग. दुसरी प्रथा बालरोग्यांविषयीची आहे. रुग्णालयातील एकेका मुलाची सायकलस्वारांच्या एकेका तुकडीशी जोडी लावून दिली जाते. तुकडीतील लोक त्या मुलाच्या घरच्यांशी परिचय करून घेतात, आणि यात्रेच्या दिवशी ती मुले वाटेतील पाण्याच्या थांब्यावर आपल्या तुकडीची वाट पाहत असतात.

या भेटीत कोण कोणाला धीर देतो हे सांगणे कठीण आहे. घाटाने दमलेल्या स्वाराला मुलाचा चेहरा दिसतो. मुलाला, डोक्यावरचे केस गेलेले असताना, असा एक मनुष्य दिसतो की ज्याचे केस एकदा गेले होते व पुन्हा आले. वैद्य त्या मुलाच्या आईस बरे होण्याची शक्यता शेकड्यात सांगतात. शेकडा ऐंशी या आकड्यातील ऐंशी माणसे कशी दिसतात हे मात्र वैद्यास दाखविता येत नाही. रस्त्याने जाणारी रांग ते दाखविते.

३. आल्प पर्वतातील चढ

नेदरलँड्समधील रीत थोडी निराळी आहे, आणि तिचे वेगळेपण आपल्या विवेचनास उपयोगी पडणारे आहे. तो देश सपाट. म्हणून तेथील लोक चढासाठी फ्रान्समध्ये जातात. २००६ सालापासून जून महिन्यात ‘आल्प दुझेस’ या नावाने हा उपक्रम चालतो. ‘झेस’ म्हणजे डच भाषेत सहा. आल्प द्युएझ या पर्वतावरील सुमारे १३.८ किलोमीटरांचा, एकवीस वळणांचा रस्ता एकाच दिवसात सहा वेळा चढण्याचा संकल्प त्या नावात गुंफलेला आहे. अर्थात सर्वांनी सहा वेळा चढलेच पाहिजे असा दंडक नाही. कित्येकजण एकदाच चढतात, व कित्येक पायी चढतात. जमलेला पैसा डच कर्करोग निधीच्या द्वारे संशोधनास जातो.

येथे रस्त्याच्या वळणांवर मृतांच्या स्मरणार्थ मेणबत्त्या लावण्यात येतात. पहाटेच्या अंधारात चढणारा स्वार त्या ज्योतींमधून जातो. त्याच्या शेजारी उत्तरजीवी असतो, आणि कडेला, जो वाचला नाही त्याची ज्योत असते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचे महत्त्व पुढे येणार आहे. या उपक्रमाचे घोषवाक्य मात्र ‘माघार हा पर्यायच नव्हे’ अशा आशयाचे आहे. चढ चढणाऱ्यास ते शोभते. रोगशय्येवरील माणसास ते कितपत लागू करावे, हाही विचार ओघाने येईलच.

४. शरीराचा विचार

रोग्याने विश्रांती घ्यावी, हा उपदेश वैद्यकात फार जुना आहे. कर्करोगाच्या रोग्यास तर तो विशेष आग्रहाने केला जाई. स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत काखेतील लसिकाग्रंथी काढल्या जातात. त्यानंतर हाताला कायमची सूज येईल या भीतीने अशा स्त्रियांस हाताचे जोराचे श्रम करण्यास मनाई असे. १९९६ साली व्हँकुव्हर येथील डॉन मॅकेंझी या वैद्याने अशा चोवीस स्त्रियांस सर्पाकृती लांब नावेत बसवून वल्ही मारावयास लावले. कोणाही स्त्रीची सूज वाढली नाही. पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात, सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी ज्यांनी क्रमाक्रमाने वजने उचलली त्यांचीही सूज त्यामुळे वाढली नाही असे आढळले. जुनी मनाई अनुभवावर नव्हे, अनुमानावर उभी होती.

यापुढचे पाऊल २०२५ साली पडले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व रसायनोपचार पूर्ण झालेल्या ८८९ रोग्यांचे यदृच्छया दोन गट करण्यात आले होते. एकास आरोग्यविषयक पुस्तिका दिल्या. दुसऱ्यास तीन वर्षे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला. चालणे, सायकल, पोहणे यांसारखा कोणताही प्रकार निवडण्याची मोकळीक होती. पाच वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ८०.३ जण रोगाविना जिवंत होते, दुसऱ्या गटात शेकडा ७३.९. आठ वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे शेकडा ९०.३ व ८३.२ होते. व्यायामाने आयुष्य वाढते असे एका विशिष्ट कर्करोगापुरते तरी आता म्हणता येते. मात्र स्नायू व सांधे यांच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्यांत अधिक होत्या, हेही त्याच प्रयोगात नमूद आहे.

सायकलीचे स्वतःचे काही गुण आहेत. शरीराचा बराचसा भार बैठकीवर असतो, म्हणून गुडघ्यांस व घोट्यांस धावण्याचे आघात बसत नाहीत. श्रम हवे तेवढे कमीजास्त करता येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, सायकल हे एकत्र जाण्याचे वाहन आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरांच्या आसपास वेग असता स्वाराची बहुतेक शक्ती हवेचा विरोध सारण्यात जाते. पुढच्या चाकाच्या आडोशास जो चालतो त्याचे एक चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक श्रम वाचतात. सशक्ताने पुढे होऊन वारा अंगावर घ्यावा व अशक्ताने मागे राहावे, ही रांगेची शिस्त आहे. परोपकाराचे हे इतके सरळ यंत्रशास्त्रीय रूप अन्य खेळांत क्वचितच सापडेल.

तथापि सावधगिरीही तितकीच आवश्यक आहे. काही औषधांनी बोटांच्या संवेदना बोथट होतात, आणि ब्रेक दाबणे अवघड जाते. रक्तातील बिंबिका कमी असता किरकोळ पडण्यानेही धोक्याचा रक्तस्राव होऊ शकतो. हाडांत रोग पसरला असेल तर हाड मोडण्याचे भय असते. अशा रोग्यांना उघड्या रस्त्यापेक्षा घरातील स्थिर सायकल बरी, आणि वैद्याच्या अनुमतीवाचून तीही नको.

५. मनाचा विचार

व्यायामाविषयी पुरावा असा अनुकूल आहे. धीराविषयी काय? येथे सावकाश पाऊल टाकले पाहिजे, कारण लोकांचा समज व शास्त्राचा निष्कर्ष यांत येथेच अंतर पडते.

१९८९ साली डेव्हिड स्पीगेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेल्या ८६ स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या स्त्रिया दर आठवड्यास एकत्र बसून आपले दुःख बोलत, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या. ज्या बसत नव्हत्या त्या १८.९ महिने. या निष्कर्षाने मोठी आशा उत्पन्न झाली. मनोबलाने रोग मागे हटतो, असे लोक म्हणू लागले. परंतु शास्त्रात एका प्रयोगाने सिद्धांत होत नाही. २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग अधिक काटेकोरपणे झाला, आणि आयुष्यात काही फरक आढळला नाही. स्पीगेल यांनी स्वतः केलेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पुनर्परीक्षेतही एकंदरीत तसा फरक दिसला नाही. मात्र कॅनडातील त्या स्त्रियांचे मन हलके झाले व वेदना सुसह्य झाल्या, विशेषतः ज्या आरंभी अधिक खचलेल्या होत्या त्यांच्या.

याचा अर्थ स्पष्ट आहे. सोबतीने आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. आहे ते आयुष्य सोसणे सोपे होते, एवढे सिद्ध झाले आहे. हा लाभ लहान नव्हे. परंतु तो दुसऱ्या लाभाच्या नावाने खपविणे योग्य नव्हे.

६. नायक आणि रांग

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नाही, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसेल. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यास १९९६ साली वृषणाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तो फुप्फुसांत व मेंदूत पसरला होता. उपचारांनी तो बरा झाला, १९९७ साली त्याने कर्करोगासंबंधी एक प्रतिष्ठान स्थापन केले, आणि १९९९ ते २००५ या काळात फ्रान्सची सायकलशर्यत ओळीने सात वेळा जिंकली. २००४ सालापासून त्या प्रतिष्ठानाची पिवळी रबरी कडी लक्षावधी मनगटांवर दिसू लागली. जगभरच्या रोग्यांस सांगण्यात आले की, याने हार मानली नाही म्हणून तो वाचला.

वस्तुतः तो वाचला तो मुख्यतः प्लॅटिनमच्या एका संयुगामुळे. सिसप्लॅटिन हे औषध अमेरिकेत १९७८ साली मान्य झाले, आणि वृषणाच्या कर्करोगाचे भवितव्य त्याने पालटून टाकले. त्याच्या दहा-पंधरा वर्षे आधी तितक्याच जिद्दीचे तरुण याच रोगाने मरत असत. त्यांची जिद्द कमी पडली नव्हती, औषध निघाले नव्हते. पुढे २०१२ साली निषिद्ध औषधांच्या सेवनामुळे आर्मस्ट्राँग याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली, व २०१३ साली त्याने दोष कबूल केला. ज्या रोग्यांनी आपला धीर त्या एका माणसावर टेकला होता, त्यांचा आधार त्यांच्या स्वतःच्या काही दोषावाचून हलला.

परंतु नायक निष्कलंक निघाला असता तरी मूळ दोष राहिलाच असता. ‘जो झुंजला तो वाचला’ या वाक्याच्या पाठीमागे एक न उच्चारलेले वाक्य दडलेले असते : जो वाचला नाही तो झुंजला नाही. मरणाच्या दारी असलेल्या माणसास आपण अपुरे पडलो असे वाटावयास लावणे, ही धीर देण्याची रीत नव्हे. त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीस व मुलांस हेच वाक्य जन्मभर सलत राहते. ‘माघार हा पर्यायच नव्हे’ हे घोषवाक्य चढावरील स्वाराने स्वतःस सांगावे. रोग्याने मात्र उपचार थांबविण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला असेल तर तो त्याचा अधिकार आहे. त्यास माघार म्हणू नये.

या दृष्टीने पाहता पॅन-मास व आल्प दुझेस यांच्या रचनेतील शहाणपण लक्षात येते. तेथे नायक नाही, रांग आहे. एकाचे उदाहरण पाहून रोगी म्हणतो, ‘तो असामान्य होता, मी तसा नाही.’ शेकडो सामान्य माणसे पाहून तसे म्हणता येत नाही. त्या रांगेत कोणी जलद जातो, कोणी रखडत जातो, कोणी मध्येच उतरतो, आणि कोणाचाही पहिला क्रमांक नसतो. शिवाय तेथे मेणबत्त्या आहेत. जे वाचले नाहीत त्यांना त्या यात्रेत जागा आहे, म्हणूनच वाचलेल्यांची साक्ष खोटी होत नाही.

७. उपसंहार

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. या यात्रेपासून समाजास संशोधनासाठी पैसा मिळतो. चालविणाऱ्यास व्यायाम मिळतो, आणि व्यायामाचे हित आता प्रयोगाने दिसून आले आहे. पाहणाऱ्या रोग्यास साक्षीदार मिळतो. ‘तू बरा होशील’ असे तो साक्षीदार सांगत नाही, कारण ते सांगण्याचा अधिकार कोणासच नाही. ‘तू जेथे आज आहेस तेथे मी होतो, आणि पुढे रस्ता आहे’ एवढेच तो आपल्या असण्याने दाखवितो. हे सत्य असते, म्हणून ते टिकते.

आपल्याकडे, १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू होऊन आठ दशके उलटली तरी, रोगाचे नाव रोग्यापासूनच लपविणारी घरे अद्याप आहेत. बरा झालेला मनुष्यही, मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून, ते नाव पुन्हा उच्चारीत नाही. परिणामी जे वाचले ते दिसत नाहीत, आणि जे गेले तेवढेच लोकांच्या स्मरणात राहतात. कर्करोग म्हणजे मृत्यूच, हा समज अशा रीतीने आपोआप पोसला जातो. सायकलयात्रा ही त्यावरील एकमेव तोड नव्हे. ती दुसऱ्या देशाच्या सवयींतून निर्माण झाली आहे व जशीच्या तशी उचलून आणण्याजोगी नाही. परंतु तिच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते कोणत्याही समाजास घेण्याजोगे आहे. ज्यास आज निदान ऐकावयास मिळाले त्याला, त्याच वाटेने गेलेला एक साधा मनुष्य दिसला पाहिजे. त्यासाठी वाचलेल्या माणसाने प्रथम बोलले पाहिजे, आणि आपण त्याला निर्भयपणे बोलू दिले पाहिजे.